चौथं प्रकरण

गिरणेच्या पलीकडे विद्यापीठ, अलीकडे एमआयडीसी.
मधे पूल, आणि पुलाखाली मे महिन्यात
नदी म्हणावी असं काही नसतं.

फेगडे सरांनी अर्ज दोनदा वाचला,
पेनाचं टोपण तेवढा वेळ दातात.
"ही कामं एमबीएवाल्यांची.
फेलोशिप थांबेल, वर्षं थांबणार नाहीत."
मग सही केली, तारीख टाकायला विसरले.
ती मी घातली. त्यांच्याच अक्षरात.

गेटवरच्या माणसानं विचारलं, डिप्लोमा का आयटीआय?
पीएचडी, म्हटलं.
त्यानं रजिस्टरचे रकाने बोटानं शोधले
आणि लिहिलं: इतर.

चटईचा कारखाना. प्लास्टिकच्या पट्ट्या, चाळीस माग,
आणि एक्स्ट्रूडरवर रुबाब तडवी,
यावलकडचे, बावीस वर्षं त्याच खुर्चीच्या शेजारी उभे.
खुर्चीवर पाण्याची बाटली बसते.

माझा विषय: केळीच्या खांबाचा धागा
प्लास्टिकमधे मिसळणे.
चार वर्षं मिसळतेय.
एकशे पासष्टला प्लास्टिक वितळतं,
दोनशेच्या आत धागा करपतो,
मधल्या त्या पस्तीस अंशांत माझं वय एकोणतीस झालं
आणि पट्टी तुटतच राहिली.

मी आलेख दाखवला. रुबाबभाऊंनी तो
चष्मा न लावता बघितला, म्हणजे बघितला नाही.
"वास ले, माय. मशीन खोटं बोलस,
वास खोटं बोलत नही."
खरंच, उतू गेलेल्या काकवीसारखा वास होता.
तो कुठल्याच जर्नलमधे नव्हता.

त्यांनी धागा पत्र्यावर टाकायला लावला, तीन दिवस,
शेचाळीस डिग्रीच्या उन्हात.
आमच्या लॅबचा ओव्हन याच कामाला
विजेचं बिल आणतो.
तिसऱ्या झोनचं तापमान आठनं उतरवलं,
आणि धागा आधी नाही, मागून, चिमटीनं,
वरणात हिंग सोडावा तसा.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी पट्टी तुटली नाही.
मी ओढली. त्यांनी ओढली.
दोन टोकांना आम्ही दोघं, मधे पट्टी,
आणि मागावरच्या बायका काम थांबवून हसत होत्या.

शनिवारी एचआरनं करार पुन्हा पुढे ठेवला.
अकरा पानं, मीच सही केलेली, पहिल्याच दिवशी, न वाचता.
(पीएचडीत वाचायचं शिकवतात म्हणे.)
आकडे कंपनीचे. तापमान कंपनीचं. चिमूटसुद्धा.
चटईला मात्र क्वालिटीनं लाल शिक्का मारला:
रंग मळका, गिऱ्हाईक पोपटी मागतं.
म्हणजे माल चालणार नाही,
आणि सांगताही येणार नाही की चालला होता.

"आते काय कर्शी?" रुबाबभाऊ म्हणाले.
मला माहीत नव्हतं.
ते चटई गुंडाळून काट्यावर घेऊन गेले.
भंगार विकत घेता येतं, वजनावर.
एक किलो नऊशे ग्रॅम, अडतीस रुपये.
पावती आहे माझ्याकडे.
संशोधनाचा तेवढाच छापील कागद.

पूल ओलांडून परत आले तेव्हा सर म्हणाले,
"चौथं प्रकरण कुठंय?"
मी म्हटलं, लिहितेय.
तिसऱ्याचं शीर्षक थोडं ताणलं. पाचव्यातून काही मागे ओढलं.
ऋणनिर्देशात एक नाव घातलं,
ते कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

सावद्याला घरी ती चटई आहे.
पाहुणे आले की आई अंथरते.
परवा मामा तिच्यावरच मांडी घालून
कळण्याची भाकरी मोडत म्हणाले,
"झालं का गं तुझं? किती राहिलं?"
"होत आलं."
त्यांच्या गुडघ्याखालच्या कोपऱ्यावर
मार्करनं लिहिलेला बॅच नंबर होता, माझ्या अक्षरात.
जेवणं झाल्यावर आईनं ओल्या फडक्यानं पुसलं.
चार गेला. सात अर्धा राहिला.
मग तिनं चटई गुंडाळून
दाराआड उभी केली.